डावी फळी

सुपेल्याच्या बाजारात पेरूच्या गाडीखाली ती फळी दिसली तेव्हा विद्याधर पेरू घ्यायला थांबलाही नव्हता. चष्म्याची सैल झालेली दांडी त्याने नुकतीच बसवून घेतली होती. चष्मा नाकावर सरळ बसतोय की तिरपा, हे चाचपत तो आपल्या स्कूटरकडे चालला होता. रस्ता तिथे जरासा उताराचा आहे. गाडी घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकाला एक लाकूड लावलेलं होतं. दीड वीत लांब, चार बोटं रुंद, वरून लाल, खालून काळं, आणि पुढच्या टोकाला आतल्या बाजूने तिरपा छेद. आधी पाय थांबले. ते काय आहे हे मनाला कळायला त्यानंतर थोडा वेळ लागला. मागून ऑटोवाल्याने हॉर्न मारला, "चाचा, किनारे!" तो कडेला झाला, म्हणजे गाडीच्या आणखी जवळ गेला. गाडीवाली बाई पेरूंवर पाणी शिंपडत होती. बाजूच्या वेल्डिंगच्या दुकानातून निळा उजेड चमकत होता आणि दर वेळी चाकाखालचा तो लाल रंग क्षणभर जांभळा दिसत होता.

"ये पटिया कहाँ से मिली?" त्याने विचारलं.

बाईने वाकून चाकाकडे पाहिलं आणि ती हसली. "हमर पारा के मिस्त्री के आय, बाबू. रिसाली के. मिस्त्री तो खतम होगे, बीस-बाइस दिन होगे. बाई ह जम्मो लकड़ी ल पारा म बाँट दिस, चूल्हा बारे बर. एला नइ बारेंव. चक्का म बने बइठथे." मिस्त्री गेला, त्याच्या बायकोने सगळी लाकडं वस्तीत चुलीसाठी वाटली, आणि हिने ही एवढी जाळली नव्हती, चाकाखाली नीट बसते म्हणून.

"कौन मिस्त्री?" त्याने विचारलं. नाव त्याला ठाऊक होतं. फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून यावं, म्हणजे कदाचित वेगळं येईल, असं काहीतरी त्याला वाटलं असावं.

"शामसुंदर मिस्त्री. तीन अंगरी वाले."

तीन बोटांचा मिस्त्री. वीस वर्षांत रिसालीतल्या लोकांनी शामसुंदरला हे नाव दिलं होतं आणि ते विद्याधरच्या कानापर्यंत कधी आलं नव्हतं. त्याच्या घरापासून, नेहरू नगरपासून, रिसाली किती दूर? स्कूटरवर वीस मिनिटं. माणूस मरून तीन आठवडे झाले, तेरावं झालं, त्याची लाकडं वाटून झाली, आणि हे त्याला पेरूवालीकडून कळत होतं. त्याने शेजारच्या नालीच्या कामावरची एक अर्धी वीट उचलून आणली, चाकाला लावली आणि फळी काढून घेतली. बाई बघत राहिली. "का करबे बाबू एकर?" हिचं काय करणार, असं तिने विचारलं. त्याने फळी शर्टाच्या बाहीने पुसली आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला.

फळी शिवणीच्या लाकडाची होती, हलकी. खालच्या कडेला शिशाची पट्टी, म्हणजे पाण्यात ती उभी राहते, आडवी पडत नाही. पुढे दोरी धरायला कपड्याचा चिमटा, मागे तारेची कडी. सगळं तसंच, जसं दोघांनी मिळून ठरवलं होतं. रंगही दोघं काम करत त्या फाउंड्रीचाच, लाल आणि काळा, साच्यांच्या लाकडी नमुन्यांना देतात तो. विद्याधरला पहिल्यांदा वाटलं, ही आपलीच जुनी. मग त्याने तिरप्या छेदावर अंगठा फिरवला आणि तो मधेच थांबवला. पटाशीचे घाव उलट्या बाजूने आलेले होते. रेषा डावीकडून उजवीकडे उतरायला हव्या होत्या. इथे त्या उजवीकडून डावीकडे उतरत होत्या, आणि दोन ठिकाणी लाकूड उचकटलं होतं, शिकाऊ माणसाचं उचकटतं तसं. ही फळी डाव्या हाताने केलेली होती. म्हणजे उजव्या हाताची बोटं गेल्यानंतर. म्हणजे तो थांबला नव्हता. पंचेचाळिशीत शामसुंदर पुन्हा शिकाऊ झाला होता आणि डाव्या हाताने पटाशी धरून हीच वस्तू करत बसला होता. ती करायला आता कोणी सांगितलं नव्हतं आणि तिची कोणाला गरजही नव्हती.

फळीचा शोध त्यांना एका चित्रातून लागला होता. फाउंड्रीत परदेशाहून मशीनचा एक भाग आला, तो जुन्या मासिकाच्या पानांत गुंडाळलेला होता. दोघेही नमुना-मिस्त्री. लोखंड ओतायच्या आधी त्याचं लाकडी रूप करायचं, हे त्यांचं काम. शामसुंदरला कागद फेकवत नसे. त्याने ते पान टेबलावर सरळ केलं. एक तलाव, एक होडी, आणि होडीच्या दोन्ही बाजूंना, बरंच दूर, पाण्यावर उभ्या दोन लाल फळ्या. गळाची दोरी होडीतून फळीकडे आणि फळीपासून मागे पाण्यात. खालचा मजकूर अर्धा फाटलेला. "विद्या, पाहून घे," शामसुंदर म्हणाला. "होडी मधात आहे नं, तिच्या आवाजानं मासा बाजूले पळते. हे लोकं दोरीच बाजूले पाठवून राहिले." "पण फळी बाजूले जाते कशी? ओढली का मागं येईन ते." "तेच तं पाहायचं आहे."

तेच पाहण्यात एक अख्खा हिवाळा गेला. पहिली फळी बुडाली. दुसरी पाण्यावर झोपली. तिसरी होडीभोवती गोल फिरायला लागली आणि तांदुळा धरणावरचा केवट, त्यांचा नावाडी, वल्हं टाकून हसला. शामसुंदर हसला नाही. तो होडीच्या कडेवर ओणवा होऊन फळीच्या तोंडाशी पाणी कसं फुटतंय ते पाहत राहिला आणि म्हणाला, "छेद बाहेरून नाही पाहिजे, आतून पाहिजे. पाणी आतून ढकलन तवाच ते बाहेर जाईन." दुसऱ्या रविवारी फळी गेली. केवट हळू वल्हवत होता, शामसुंदर दोरी सैल सोडत होता आणि ती लाल फळी ताठ उभी राहून, कोणी हाताला धरून नेत असल्यासारखी, होडीपासून दूर दूर सरकत गेली. दहा हात, वीस हात, तीस. विद्याधरच्या छातीत तेव्हा जे झालं, तसं पुढे फोरमन झाल्यावरही झालं नाही. एक फळी डावी, एक उजवी. छेद उलटा असतो म्हणून एकीचं काम दुसरी करू शकत नाही. उजवी विद्याधरची, डावी शामसुंदरची. पहाटे स्कूटरवर निघायचं, बालोदला चहा, आणि सूर्य वर यायच्या आत पाण्यात. मासा लागला की चिमटा सुटायचा, फळी एकदम मान टाकायची, आणि दोघेही एकाच वेळी ओरडायचे. एकदा शामसुंदरच्या फळीला मांडीएवढा पढीन मासा लागला. तो होडीत घेतल्यावर शामसुंदरने त्याच्या मिशा पाहिल्या आणि म्हणाला, "आपल्या हेडक्लर्कसारखा दिसून राहिला बे." विद्याधर इतका हसला की होडी डुलली. आता सुपेल्याच्या भर गर्दीत उभं असताना त्याला तो हसण्याचा आवाज आठवला. आपलाच आवाज, पण ओळखीचा वाटेना.

बायकोला, गीताला, फोन करून उशीर होईल असं सांगायला हवं होतं. त्याने फोन काढला आणि परत खिशात ठेवला. काय सांगणार? गीताला एवढंच माहीत होतं की शामसुंदरभाऊजींनी स्वतःहून नोकरी सोडली आणि मग येणं-जाणं कमी झालं. इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात इतकी गुळगुळीत झाली होती की त्यालाही ती कधी कधी खरी वाटायची. त्याने स्कूटर सुरू केली आणि नेहरू नगरकडे वळायच्या ऐवजी ती रिसालीच्या रस्त्याला लावली.

वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस शनिवार होता. आधीच्या रविवारी डावी फळी पाण्यातल्या एका खोडावर आपटून फुटली होती. विद्याधरनेच सकाळी म्हटलं होतं, "शाम्या, आज करून टाक नं. उद्याले पाहिजे. एका फळीवर काय मजा आहे?" शामसुंदर म्हणाला, "हातानं रंधायले टाइम कुठं आहे?" आणि विद्याधर म्हणाला, "मशीनवर मार. दोन मिनिटाचं काम." लहान तुकडा रंधा मशीनवर धरू नये हे दोघेही नव्या मुलांना शिकवत. तरी म्हणाला. पण हे झालं उघड. त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते उघड नव्हतं. त्याच दिवशी सकाळी एका रुंद नमुन्यासाठी विद्याधरने मशीनच्या पात्यावरचा गार्ड, बोटं वाचवणारं झाकण, काढला होता आणि मागच्या मांडणीवर, सरसाच्या डब्याशेजारी ठेवला होता. काम झाल्यावर बसवायचा, पण जेवणाची सुट्टी झाली. मग कोणीतरी ऑफिसात बोलावलं. मग चहा. चहाचा ग्लास हातात असताना त्याने मशीनचा आवाज ऐकला. नेहमीचा आवाज, मधेच बदललेला, आणि पुन्हा नेहमीचा. मशीनला काही झालं नव्हतं. मशीन चालूच होतं.

दवाखान्यात त्यानेच नेलं. शामसुंदरला ऑटोत धरून बसला, त्याच्या हाताला गुंडाळलेला पंचा रक्ताने भिजत होता, आणि शामसुंदर एकसारखा म्हणत होता, "फळी पाहजो, फळी पडली असंल तिथं." मंगळवारी चौकशी झाली. मॅनेजर हिंदीत बोलत होता, आवाज न चढवता. लाकूड कंपनीचं, काम खाजगी. किसका काम था? शामसुंदर खिडकीकडे पाहत होता, हाताला पांढरा गोळा बांधलेला. विद्याधर म्हणाला, "मालूम नहीं साहब." गार्ड किसने निकाला था? "मालूम नहीं साहब." त्या खोलीत एक पंखा होता, त्याचं एक पातं वाकलेलं होतं आणि दर फेऱ्याला ते टक करायचं. विद्याधरला पुढे कित्येक वर्षं हे सांगता आलं असतं की त्याने किती टक ऐकले. दोन मुलं होती, घराचं बांधकाम अर्ध्यावर होतं, हे सगळं खरं होतं आणि त्या वेळी त्याला त्यातलं काहीही आठवलं नव्हतं. त्याला फक्त भीती वाटली होती. साधी, शाळेतल्या पोराची भीती. बाहेर सायकल स्टँडपाशी शामसुंदर थांबला. नोकरी गेल्याचं अजून कागदावर यायचं होतं, पण त्याला ते कळलं होतं. तो त्याबद्दल बोललाच नाही. म्हणाला, "विद्या, गार्ड मी कवा काढला रे? मले आठवतच नाही." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आठवायचा प्रयत्न होता. विद्याधर म्हणाला, "जाऊ दे आता."

तीन शब्द. पाण्यातही उजेड असेल असा तो दिवस होता, फाउंड्रीचा धूर सरळ वर जात होता. त्यानंतर विद्याधर तांदुळ्याला गेला नाही. शामसुंदरने एकदा निरोप पाठवला होता, येत्या रविवारी येतो का म्हणून, आणि विद्याधरने घरी पाहुणे आहेत असं कळवलं. त्याच वर्षी तो फोरमन झाला. कधीतरी सेक्टरच्या बाजारात दुरून शामसुंदर दिसला होता. खांद्याला पिशवी, उजवा हात खिशात. विद्याधर एका भांड्यांच्या दुकानात शिरला आणि नको असलेला डबा घेऊन बाहेर आला.

रिसालीत पत्ता विचारावा लागला. पूर्वीचं मोकळं मैदान आता घरांनी भरलं होतं. तीन बोटांच्या मिस्त्रीचं घर सगळ्यांना माहीत होतं. दारात पायरीवर लाकडाचा भुसा अजून भेगांत अडकलेला होता, कोणीतरी झाडून झाडून तेवढाच उरलेला. कलावतीने दार उघडलं. तिने त्याला लगेच ओळखलं. तिचे केस सगळे पांढरे झाले होते, आणि त्याच्या लक्षात आलं की वीस वर्षं त्याच्या मनात ती चाळिशीचीच राहिली होती.

"या भाऊजी," ती म्हणाली. "कोणी सांगितलं?"

"आज समजलं वहिनी. बाजारात." पेरूची गाडी सांगवेना.

"बसा." आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. "ईरा आहे, आमची पोरगी. रायपूरहून आली, महिनाभर राहते म्हणे." मग ती समोरच्या खाटेवर बसली आणि त्याने न विचारता सांगितलं. छातीत दुखलं, दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्रास झाला नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत काम करत होते. लोकांचे पाट, चौरंग, देवळाची दारं. आणि वेळ मिळाला की त्या फळ्या. "दोघाचौघाईले शिकवल्या त्यांनी. तांदुळ्याचे केवटही घेऊन जात. मी म्हणो, कावून करून राहिले हे? तं म्हणत, डाव्या हातानं छेद बरोबर नाही येऊन राहिला, अजून एक करून पाहतो."

विद्याधर मान खाली घालून ऐकत होता. भिंतीवर फोटो होता, त्याकडे त्याने पाहिलं नाही.

"वहिनी, त्या दिवशीची ते फळी..." तो म्हणाला.

"तुमच्यासाठी होती. मालूम आहे मले." तिचा आवाज बदलला नाही. "त्यांनी नाही सांगितलं. माझं मीच समजली. तुम्ही ऑफिसात बोलले नाही, हेही समजली. लय राग होता मले भाऊजी. तुमच्या दारात येऊन बोलणार होती. त्यांनीच नाही येऊ दिलं. म्हणे, त्याचे लेकरं लहान आहेत, तो बोलला असता तं दोघाईचीही गेली असती. मंग वर्षं गेले, राग बी गेला. आता नाही."

हे इतकं सोपं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. एक क्षणभर त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच त्याला किळस आली. इथे उठता आलं असतं. चहा घेऊन, फोटोला हात जोडून, पुन्हा येतो म्हणून. शेजारी कोणाच्यातरी कुकरची शिटी झाली. कलावती बोलतच होती, आता त्याच्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखी.

"त्यांचं दुःख नोकरीचं नव्हतं. त्यांचं एकच होतं. जेवता जेवता मधातच थांबून जात. म्हणत, कला, मी येवढा बेपर्वा कसा झालो? वीस वर्षं मशीनवर काम केलं अन् गार्ड काढून ठेवला, अन् मले आठवतही नाही. ईराही बोलून जाये रागात. तिचं कॉलेज राहून गेलं नं. म्हणे, पापा, आपने गार्ड लगाया होता तो? ते म्हणत, हो बेटा, माझीच चुकी. शेवटी दवाखान्यातही तेच. मले म्हणे, अजूनही नाही आठवत, कवा काढला."

बाहेर कोणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. विद्याधरने आपले हात पाहिले. दहाही बोटं होती. नखं कापलेली, स्वच्छ, निवृत्त माणसाची. त्याला वाटलं, आपण बोललो नाही तर ही बाई शांतपणे म्हातारी होईल. राग गेलेला, नवरा साधा, थोडा बेपर्वा, हे सगळं तिचं ठरलेलं. आणि आपण बोललो तर तिला आज, तीन आठवडे उशिरा, सगळं पुन्हा पहिल्यापासून रचावं लागेल, आणि ज्याला ऐकायचं होतं तो तर नाहीच. मग बोलायचं कोणासाठी? पण तो बेपर्वा नव्हता. शामसुंदर पटाशीला धार लावल्यावरही ती फडक्यात गुंडाळून ठेवणारा माणूस होता.

"गार्ड त्यानं नाही काढला, वहिनी," तो म्हणाला. "मी काढला. सकाळी, मोठ्या जॉबसाठी. सरसाच्या डब्याजवळ ठेवला अन् लावायचा राहून गेला. त्याले मालूमच नव्हतं. त्यानं मले विचारलं होतं, सायकल स्टँडवर. मी नाही सांगितलं."

कलावतीने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं. तिचा चेहरा रागाचा झाला नाही, रडण्याचाही नाही. ती फक्त त्याच्याकडे पाहत होती, जणू त्याच्या तोंडातून निघालेले शब्द अजून हवेत आहेत आणि ती ते एक एक करून वाचतेय.

"त्यांनी विचारलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अन् तुम्ही काय म्हणले?"

"जाऊ दे आता, म्हणलो."

"वीस वर्षं," ती म्हणाली. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. "राग गेला म्हणली मी मघाशी. ते चुकीचं बोलली. मले काय मालूम, राग कायचा करायचा होता." ती उठली. त्याला वाटलं, दार दाखवेल, आणि तो उठायला लागला. पण ती आतल्या दाराकडे वळली होती.

"ईरा," तिने हाक मारली. "इकडे ये."

ईरा दारात आली. तिशी ओलांडलेली, ओले हात ओढणीला पुसत. कपाळ थेट शामसुंदरचं. तिने त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि नमस्ते केलं. "कौन हैं, आई?"

"विद्याधरकाका. पापाचे दोस्त." कलावती पुन्हा खाटेवर बसली, मांडीवर हात ठेवून. "बस तू. भाऊजी, तुम्ही मले जे सांगितलं, ते हिले सांगा. हिंदीत सांगा, तिले बरोबर समजलं पाहिजे. काही सोडू नका."

मुलगी स्टूल ओढून समोर बसली. ती आईकडे पाहत होती, मग त्याच्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच नव्हतं, फक्त थोडी काळजी, म्हाताऱ्या माणसाचा श्वास लागला आहे अशी. विद्याधरने पाणी मागितलं नाही. त्याने तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य निघेना, म्हणून तो सकाळपासून सुरुवात करू लागला. त्या दिवशी सकाळी फाउंड्रीत आधी कोण आलं होतं, मोठा जॉब कोणता होता, गार्डचे स्क्रू कोणी आणि कशाने उघडले.

"बेटा," तो म्हणाला, "उस दिन तुम्हारे पापा मेरे बाद आए थे."